लोटनचा डबा

गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं
तरी स्लॅब तापलेलाच आहे अजून.
सरक जरा, हर्षू. तेजल, तो मोबाइल पालथा ठेव,
उजेड डोळ्यांत येतो.

कॉलेजचं ना?
चित्ते सरांच्या विगचं सांगून झालंय,
बोरीच्या कोरड्या पात्रात क्रिकेट खेळून
फिजिक्सला अठरा मार्क पडले, तेही.
(आईला बत्तीस सांगितलेत. तसंच राहू द्या.)

डब्यांचं नाही सांगितलं.

अमळनेरला मेस होती, पण मेसला पैसे लागतात.
आमचे डबे गावाकडून यायचे, सकाळच्या पॅसेंजरने,
शिंदखेडा, नरडाणा, बेटावद,
आया चार वाजता चूल पेटवायच्या.
स्टेशनवरून एक पोरगा सायकलला लटकवून आणायचा,
लांबून वाटायचं भांड्यांचं दुकानच पळत येतंय.
झाकणावर तांबड्या ऑइलपेंटात नावं.
माझं रंगाऱ्याने चुकवलं;
तीन वर्षं मी ‘मुलरीधर’ म्हणून जेवलो.

तर लोटन. लो. भि. साळुंखे, बेटावद.
आमच्याच खोलीत, खिडकीकडची खाट.
दिवाळीनंतर एका सकाळी ट्रंक नाही,
गादीची वळकटी मात्र नीट बांधलेली.
उधन्याला लूमवर गेला म्हणे. घरी कळवलं नव्हतं.

डबा आला.
दुसऱ्या दिवशीही आला.

हिलाल म्हणाला, भरलेला परत धाडला तर घरी कळेल.
मी म्हणालो, फेकला तर पाप लागेल.
म्हणून खाल्ला.
हसा, हसा.
एकोणीस वर्षांची भूक होती ती,
तिच्याशी नीतिशास्त्र बोलून बघा.

कळण्याची भाकरी, वर तेलाचं बोट,
शेंगदाण्याची चटणी, कधी घोटलेली उडदाची डाळ,
आणि ठेचा असा, की दुपारच्या तासाला
डोळे पुसत बसलेला मी
सरांना फार हळवा वाटायचो.
दोन महिने.
खाऊन झालं की मी डबा राखेने घासायचो,
आतून, बाहेरून, कडीच्या खाचेतसुद्धा,
चोराने जाता जाता घर झाडून जावं तसा.

संक्रांतीला गावी निघालो, संध्याकाळच्या गाडीने.
रिकामे डबे त्याच गाडीत.
बेटावदला क्रॉसिंग होतं, गाडी बराच वेळ उभी.
फलाटावर एक बाई डबे चाळत होती,
नाव वाचता येत नव्हतं तिला,
कडीला बांधलेल्या हिरव्या चिंधीवरून ओळखलं तिने.
मी का उतरलो, अजून कळलेलं नाही.
म्हणालो, लोटनच्या खोलीत असतो मी.
बरा आहे तो. जेवतो.

तिने माझ्याकडे पाहिलं,
मग डब्यात, जणू तळाशी काही लिहिलं होतं.
‘मना पोऱ्यानी जनममां कधी डबा घासा नही रे भाऊ.’

कळलं ना? तेवढी अहिराणी येते तुम्हाला.

सिग्नल पडला. माझा पाय उचलेना.
लोटन कुठे आहे, हे तिने विचारलंच नाही.
पदराने तो लख्ख डबा पुन्हा एकदा पुसला,
उगीचच.
‘किती जन जेवतस तुम्ही?’
म्हटलं, दोघं.
‘मंग भाकर कमी पडत व्हई.’

सुटी संपवून आलो, तर डब्यात चार भाकरी.

नाही हर्षू, लोटनचं मला खरंच ठाऊक नाही.
कुणी म्हणतं परत आला, शेती बघतो,
कुणी म्हणतं तिकडेच घर केलं.
नंदुरबार स्टेशनवर एकदा वाटला तो,
पण तो माणूस जाड होता, आणि मी हाक मारली नाही.

डबा मात्र मार्चपर्यंत येत राहिला.
पेपरच्या दिवशीसुद्धा. वर फडक्यात वेगळं बांधलेलं
दही-साखर.
दोन वाट्या.